मंगळवारच्या गोधडीची रिकामी बाजू

गेली नऊ वर्षं मी गोधड्या शिवते आणि त्यातली आठ वर्षं माझी शेजारीण मंदा मला एकच प्रश्न विचारते. "शोभा, दुकानात आयती चादर भेटते ना वं. काहून डोये फोडून राह्यली?" मंदा मनाने वाईट नाही. माझ्याकडे पाहुणे आले की न सांगता दूध आणून ठेवते. पण गोधडीकडे तिने कधी धड पाहिलं नाही. अकोल्यात मला जुन्या साड्या देणारे पुष्कळ भेटले, "छान हं" म्हणणारेही भेटले. शेजारी बसून आत काय घातलंय, दोरा कुठला, असं विचारणारं मात्र कोणी भेटलं नाही.

या ब्लॉगवर मी प्रवासाच्या जोडीने गोधड्यांचे फोटोही टाकते. खाली फुलांची आणि जोडलेल्या हातांची चित्रं येतात. मागच्या वर्षी एका फोटोखाली वेगळंच काही आलं : "डावीकडची कड ओढली गेली आहे. बाकी ठीक." लिहिणाऱ्या होत्या पुण्याच्या अनघाताई, निवृत्त शिक्षिका. आधी मला राग आला. मग ट्रंकेतून गोधडी काढून पाहिली, तर कड खरंच ओढलेली. कोणीतरी माझं काम एवढं निरखून पाहिलं, याचाच मला दिवसभर आनंद होत होता.

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. त्यांचा चौघींचा गट दर मंगळवारी वारज्यात जमतो आणि चार बाजूंना चौघी बसून एकच गोधडी शिवतात. त्यातली एक जण मुलीकडे बंगळुरूला राहायला गेली. अनघाताईंनी लिहिलं, "एक बाजू रिकामी आहे. चार दिवस येऊन बघा. जमलं तर जमलं." पुण्याचं आमंत्रण याहून गोड असेल अशी माझी अपेक्षाही नव्हती. मी लगेच तिकीट काढलं.

सोमवार

अकोल्याहून पुण्याला रेल्वेचा स्लीपर डबा साडेतीनशेच्या आसपास पडतो, पण जागा आधीच धरून ठेवा. सकाळी पुणे स्टेशनला उतरलं की बाहेर रिक्षावाल्यांच्या गराड्यात न शिरता सरळ मेट्रोत बसा. तीस रुपयांच्या आत वनाजला पोचता येतं आणि तिथून कोथरूडचा बराचसा भाग जवळ पडतो. डबा स्वच्छ होता, खिडकीतून नदी दिसली, आणि समोरच्या दोन आयटीवाल्या मुली फोनवर एकमेकींना "यार, स्प्रिंटचं काय करायचं" असं विचारत होत्या. त्या शेजारीशेजारीच बसल्या होत्या.

अनघाताई वनाज स्टेशनच्या जिन्याशी उभ्या होत्या. बारीक अंगकाठी, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. "गाडी वेळेवर आली म्हणजे आश्चर्यच," एवढं स्वागत झालं. घरी पोहे झाले, चहा झाला, आणि मग त्यांनी हात पुढे केला. मी सोबत माझी अर्धवट गोधडी आणली होती. त्यांनी ती घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली.

"गोधडी बघायची तर आधी मागची बाजू बघावी," त्या म्हणाल्या. "पुढून सगळेच नटतात."

मागून माझे टाके तांदळाच्या कणीएवढे आणि एका रेषेत होते. तो माझा अभिमान आहे, लपवत नाही. अनघाताईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हात बारीक आहे तुमचा. छानच आहे." एक वर्ष ओळखत असल्यामुळे मला कळलं, की हे फार मोठं कौतुक आहे. मी दुपारभर हवेत होते.

मंगळवार

कोथरूडहून वारज्याला बस आहे, वीस रुपयांत काम होतं, फक्त सकाळी नऊच्या सुमारास उभं राहायची तयारी ठेवा. हमरस्त्याला उंच इमारती आहेत आणि आत वळलं की जुनं गावठाण. शेवंताकाकूंचं घर तिथे. त्यांच्या शेतावर आता एक मोठी सोसायटी उभी आहे, मुलांनी तीन मजली घर बांधलंय, आणि काकूंना मिळालीय गच्चीवरची पत्र्याची ऐसपैस खोली. वय पंच्याहत्तरच्या पुढे. चौथी, म्हणजे रेखा. तिच्या नवऱ्याचा मार्केट यार्डात धान्याचा गाळा आहे. गोधडीत आत घालायला जुनी कापडी पोती ती धुऊन आणते. ही गोधडी तिच्याच मुलीच्या बाळासाठी होती. बाळ पुढच्या महिन्यात यायचं होतं.

"ये गं, बस. तुजी बाजू हितं हाय," काकू म्हणाल्या आणि माझा हात धरून मला बसवलं. "तुजी बाजू" हे ऐकून मला भरून आलं, खरंच सांगते.

पद्धत अशी, की चौघी कडेकडून सुरू करतात आणि ओळीमागून ओळ घालत मध्याकडे सरकतात. कोपऱ्यापर्यंत सगळ्या बरोबरच पोचायला हव्यात. पोचल्या की एक जण "वळा" म्हणते आणि सगळ्या वळतात. त्या सकाळी आम्ही किती बोललो याला गणती नाही. काकूंनी माझं "काहून" ऐकलं आणि दर पाच मिनिटांनी मला "काहून?" विचारून स्वतःच हसायला लागल्या. अनघाताई एकदा माझ्या ओळीकडे बघून म्हणाल्या, "जरा सैल सोडा." मला वाटलं, दोरा ओढू नका म्हणताहेत. मी दोरा सैल सोडला आणि टाके तेवढेच बारीक घातले.

जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी. अशा जेवणाचे पुण्यातल्या हॉटेलांत दोनशे रुपये घेतात आणि तरी भाकरी गार असते. जेवून काकू खाली जरा आडव्या व्हायला गेल्या. अनघाताई आणि रेखा दोरा आणायला चौकात गेल्या. मी आणि गोधडी, दोघीच राहिलो.

आता जे झालं ते लिहिताना अजूनही कान गरम होतात. काकूंची बाजू माझ्या शेजारचीच. टाके तिघींचेही लांब होते, पेराएवढे, पण काकूंची ओळ मधूनच वर-खाली होत होती. मला वाटलं, थकल्या असतील बिचाऱ्या, बाळाची गोधडी आहे, तेवढी मदत आपण करावी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला लहानपणापासून पाठ आहे, पण ती वेळेवर आठवत नाही. मी कात्री घेतली आणि काकूंच्या दोन ओळी उसवून, नीट बारीक टाक्यांत पुन्हा घातल्या. पाऊण तासात काम झालं. मनात म्हटलं, कोणाच्या लक्षातही येणार नाही.

अनघाताई आणि रेखा दोरा घेऊन परतल्या. मागोमाग काकू वर आल्या, जागेवर बसल्या आणि सुई घ्यायच्या आधी त्यांनी बोट ओळीवरून फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"ही माजी न्हाई," त्या म्हणाल्या. "सरळ हाय. माजी न्हाई."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की सकाळपासून काकूंनी गोधडीकडे एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. त्यांना धड दिसत नव्हतं. त्या बोटाने शिवत होत्या. मी पुटपुटले, "मीच... थोडं नीट केलं, काकू." काकूंनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि खाली गेल्या. गोधडी तशीच राहिली.

परतीच्या बसमध्ये अनघाताई खिडकीबाहेर बघत होत्या. कर्वेनगर मागे पडल्यावर बोलल्या. "तुमच्या फोटोतली कड ओढलेली होती. ती मी अकोल्याला येऊन उसवली का?"

मी मांडीवरची पिशवी उगाच उघडून बंद केली.

"आम्हालाही बारीक टाका येतो, शोभाताई. काकूंची नजर जायला लागली तसा आम्ही आमचा टाका त्यांच्या मापाचा केला. एक बाजू घट्ट आणि एक सैल झाली, तर गोधडीत झोल पडतो. तुम्हाला सकाळी सांगितलं होतं, सैल सोडा."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आल्यावर मी रेल्वेचं तिकीट बदलून मिळतंय का ते फोनवर पाहिलं. नऊ वर्षांनी मैत्रिणी भेटल्या आणि एका दुपारात मी त्या घालवल्या, असंच मला वाटत होतं आणि रडूही येत होतं.

बुधवार

तिकीट मिळालं नाही. सकाळी मी एकटीच वारज्याला गेले. काकू गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या.

"काकू, मी शोभा. चुकले."

"चुकली तर चुकली. च्या घेतला का?"

चहा झाला. मग त्या म्हणाल्या, "जेवडं काडलंस तेवडं परत घाल. माजं जसं हुतं तसं."

मी माझे बारीक टाके उसवले. माझ्या स्वतःच्या बाजूचेही. जुन्या सुती लुगड्यावर काकूंच्या सुईची भोकं अजून दिसत होती. त्या भोकांतूनच सुई घालायची होती. सोपं वाटलं, पण दहा टाक्यांतच हात अडखळला. माझी सुई सारखी दोन भोकांच्या मध्येच उतरू पाहायची. जित्याची खोड! काकूंनी माझ्या शेजारी बसून त्यांच्या करंगळीचं पेर टाक्याला लावून दाखवलं. टाका बरोबर तेवढाच. पुढचा लावला, तोही तेवढाच. ज्याला मी थकलेल्या हाताचं काम समजले होते, त्यातला एकेक टाका मोजलेला होता. फक्त ओळ डोळ्यांवाचून चालत होती, म्हणून वर-खाली.

"डोळं गेलं. बोट हाय की अजून," काकू म्हणाल्या. "आन हे बग, या दोगी आपला हात मोटा करत्यात, मला सांगत न्हाईत. बोटाला कळतं गं मला. म्या बी सांगत न्हाई."

मी सुई थांबवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसत होत्या. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आता काहून रडती?" काकूंनी विचारलं.

दुपारी अनघाताई आणि रेखा आल्या. अनघाताईंनी गोधडी उलटी केली, माझ्या बाजूवर बोट फिरवलं, आणि पिशवीतून चष्म्याचं कापड काढून बराच वेळ चष्मा पुसला. "वळा," त्या म्हणाल्या. आम्ही चौघी वळलो.

गुरुवार

निघायच्या दिवशी रेखाने मला मार्केट यार्डात नेलं. स्वारगेटहून ते फार लांब नाही. सकाळी लवकर जा, पण चपला जुन्या घाला, आणि हमालांची "बाजू, बाजू" अशी हाक आली की खरंच बाजूला व्हा. आता बहुतेक पोती प्लॅस्टिकची, कापडी पोतं शोधावं लागतं. रेखाने दोन गाळे फिरून मला सहा मिळवून दिली, तीस रुपयांना एक. त्यांना गुळाचा वास येत होता. निघण्याआधी वारज्याला जाऊन मी माझी अर्धवट गोधडी पुढे केली आणि तिघींना एकेक ओळ घालायला सांगितली. काकूंची ओळ सगळ्यात शेवटी पडली.

अकोला

घरी येऊन आठवडा झाला. काकूंच्या ओळीनंतर मला पुढे जायचं होतं, आणि त्या ओळीशेजारी बारीक टाका चालत नाही, झोल पडतो. तेव्हा करंगळीचं पेर लावून लावून मोठे टाके घालते आहे. पोत्यांचा गुळाचा वास दोनदा धुऊनही गेलेला नाही, तो असू दे.

काल संध्याकाळी मंदा विरजण मागायला आली. दारातून आत येऊन थबकली, वाकली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिने गोधडी हातात घेतली.

"काहून वं शोभा, टाके एवढाले मोठाले झाले तुये! आधी कसे बारीक राहत. डोये तपासून घे बाई."

म्हणजे तिला ठाऊक होतं. माझे टाके किती बारीक असतात, हे ती इतकी वर्षं बघत होती आणि मी एकदाही तिला "ये, बस" म्हटलं नव्हतं.

मी सरकले. गोधडीची समोरची बाजू तिच्याकडे केली आणि सुईत दोरा ओवून तिच्या हातात दिला.

"मले नाही येत वं," मंदा म्हणाली.

"करंगळीच्या पेराएवढा टाका घाल," मी म्हटलं. "वाकडा गेला तरी चालेल, मी उसवणार नाही."