घाई न करणारा पाणबुड्या

बंदरातल्या धक्क्याखालचे खांब दुरुस्त करणाऱ्या पाणबुड्याला सगळे कासव म्हणत. काम आटोपलं की दोर धरून तो सावकाश वर यायचा, वाटेत थांबायचा, आणि वरची माणसं जेवायची खोळंबून बसायची. चिडवलं तर हसायचा, पण वेग वाढवायचा नाही. कासवाच्या तरुणपणी घाईने वर आलेला त्याचा उस्ताद त्याच्या डोळ्यांदेखत होडीत चढला होता, दोन शब्द बोलला होता आणि कंबरेखाली लुळा पडला होता.

पुढे बायकोचा धाकटा भाऊ रीतसर शिकून त्याच्या जोडीला आला. गडी अंगापिंडाने दणकट, पण उतावळा.

एका दुपारी दोघं तळाशी बोल्ट आवळत असताना मेहुण्याच्या मुखवट्याचा पट्टा तुटला. खारं पाणी डोळ्यांत गेलं, दिसेनासं झालं, आणि पठ्ठ्या सुसाट वर निघाला. कासवाने झेप घेऊन त्याचा पाय धरला. छातीवर सणसणीत लाथ बसली, तरी सोडला नाही. मेहुण्याच्या तोंडातली हवेची नळी नीट दाबून बसवली, त्याचा हात दोरावर ठेवला आणि त्यावर आपला हात घट्ट आवळला. डोळे मिटलेल्या मेहुण्याला घेऊन तो नेहमीच्याच चालीने वर आला. थांबायच्या जागी थांबला.

वर येताच मेहुणा कडाडला, "दाजी, मेलो असतो की मी!"

"हवा येत होती ना? मग मरायला काय झालं होतं?" कासव छाती चोळत म्हणाला. "अरे, खाली पाण्याच्या दाबाने हवा रक्तात मुरते. हळू आलास तर श्वासावाटे निघून जाते. एकदम आलास तर सोड्याची बाटली उघडल्यासारखी रक्तातच फसफसते. बुडबुडा पाठीच्या कण्यात अडकला, की उभा जन्म खाटेवर."

मेहुण्याने दाजींच्या छातीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "लाथ जोरात लागली का?"

"लागली तर! घरी सांगू नकोस, तुझी ताई मलाच बोलेल."

पण मेहुण्याने घरी पाऊल टाकताच सगळं ओकलं. ताईने त्याला फैलावर घेतलं, आणि मग त्याच्या खांद्यावरचा हात बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा दोनदा ओढून बघत मेहुणा म्हणाला, "चला दाजी, राहिलेले बोल्ट माझे."

कासवाने त्याला पुढे उतरू दिलं.