टीव्हीतल्या बाईची न्याहारी

मंडळी, मी बोलतेय आणि माझी नात पूर्वा टाईप करतेय. मला अक्षर येत नाही, तिला स्वयंपाक येत नाही. आमचं बरं चाललंय.

पूर्वाने जुन्या बाजारातून एक म्हातारा कॉम्प्युटर आणलाय, टीव्हीला जोडायचा, कॅसेट लावून चालणारा. त्याच्यासाठी तिने स्वतः गेम बनवला: आमच्या घोटीकडची आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी. आजीला खेळता आला तरच लोकांना पाठवायचा, असं तिने ठरवलेलं.

आज सकाळी कॅसेट रातकिड्यांसारखी किरकिरली आणि टीव्हीत हिरवं खाचर उगवलं. ठिपक्याठिपक्यांची एक बाई वाकून रोपं लावत होती. अर्धं खाचर झाल्यावर मी तिला बांधावर नेऊन उभी केली.

"आजी, बटण दाब! थांबलीस तर हरशील!"

"न्याहारीची वेळ झाली गं. तुझी बाई जेवत नाय का?"

बाई हरली. पूर्वाचं तोंड उतरलं. मग दुपारभर कॉम्प्युटरवर तिची खटखट चालू होती.

संध्याकाळी पुन्हा गेम लावला. बाई बांधावर गेली आणि चक्क खाली बसली. शेजारी एक बगळा उतरला. कुणी हरलं नाही. मीही कितीतरी वेळ तिच्याजवळ बसले होते, चिखलात पाय सोडून.

गेम खाली दिलाय. ज्यांना जिंकायचंय त्यांनी जिंका. पण मला सांगा, तुम्ही तिला किती वेळ बसू दिलंत?