माझ्या भुकेवरचा परिसंवाद

प्राध्यापकांनी माझं मनगट पकडून वर धरलं. आपल्या अंगठ्याचा आणि करंगळीचा वेढा घातला त्याला. वेढा मोठा झाला, मनगट आत हलत राहिलं. हात तसाच उंच धरून ते माइकमध्ये म्हणाले, "हे मनगट बघा. याच्यापुढे मी आणखी काय मुद्दा मांडू?"

टाळ्या पडल्या.

मी स्टेजवर स्टुलावर उभी होते. मागच्या खुर्च्यांनाही दिसावी म्हणून स्टूल. समोर पंख्यांखाली माणसं बसलेली. धोतरं, रेशमी साड्या, चष्मे. काही बायका चुकचुकत होत्या. पहिल्या रांगेत माझ्याच वयाची एक मुलगी आइस्क्रीम चाटत माझ्या पायांकडे बघत होती. पायांत चप्पल नव्हती. मी एका पायानं दुसरा झाकायला गेले तर स्टूल हललं. प्राध्यापक म्हणाले, "सरळ उभी राहा."

बाजारात शेळी अशीच उभी करतात. फरक इतकाच की शेळीला कुणी दया दाखवत नाही.

हॉल बनारसचा. रामघाटाजवळच्या गल्लीत मराठी लोकांच्या मंडळाचा. दर उन्हाळ्यात तिथं व्याख्यानमाला व्हायची. शेवटच्या दिवशी परिसंवाद. त्या वर्षीचा विषय होता, शाळेतलं जेवण सरकारनं सुट्टीतही गरिबांच्या मुलांना द्यावं की नाही. बाजूनं बोलणारे हे निवृत्त प्राध्यापक. विरोधात बँकेतले एक मोठे साहेब. आणि मी उदाहरण.

आम्हीही मराठीच. पण त्या मराठीतले नव्हे. माझा आजा अकोल्याकडून रेल्वेच्या रुळावर गिट्टी टाकायला आला आणि इकडेच राहिला. बाप मोगलसरायच्या यार्डात ठेकेदाराकडे होता. डब्यांच्या मधे सापडून मेला. ठेकेदार म्हणाला, हा माणूस माझा नव्हताच. मग मायनं रामघाट, बालाजी घाटाच्या गल्ल्यांत घरं धरली. मराठी बोलते म्हणून बायकांना आवडली. आडनाव कळल्यावर अंगणापर्यंतच राहिली. अंगण, मोरी, संडास, खरकटी भांडी. भांडी घासून पालथी घालायची, त्यांच्यावर घरच्या बाईनं पुन्हा पाणी ओतायचं, मगच ती आत जायची. माय ते बघत उभी राहायची. मीही.

शाळा सरकारी होती. दुपारी जेवण मिळायचं. कधी खिचडी, कधी रोटी आणि पाणीदार सोयाबीन. त्या जेवणावर मी शिकले, असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर त्या जेवणासाठीच मी शाळेत जायची. अक्षरं नंतर आली.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागायची. बाकीची मुलं उड्या मारत घरी जायची. मी त्या दिवशीच सुट्टीचे दिवस बोटांवर मोजायची. शाळेची चूल बंद. भात बंद. उरायची ती मायनं पदराखाली आणलेली एखादी पोळी. घाटावर यात्रेकरू माशांना कणकेच्या गोळ्या टाकतात. विकणाऱ्या म्हातारीची नजर चुकवून मी त्या खाल्ल्यात. कच्ची कणीक टाळूला चिकटते, बोटानं काढावी लागते. राजा घाटाच्या पायरीवर पिंडाचा भात पडलेला असायचा. कावळ्यांच्या आधी मी पोचायची. मेलेल्या माणसांच्या नावाचा भात खाऊन मी जिवंत राहिले. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. ज्यांना वाचताना वाटेल त्यांना वाटू दे.

परिसंवादाच्या आठवडाभर आधी बँकवाल्या साहेबांच्या घरी त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. भांडी जास्त, म्हणून मायनं मला सोबत नेलं. मागच्या अंगणात चूल मांडली होती. साहेबांची बायको वडे तळत होती. तळलेले वडे परातीत, परात ओट्याच्या कडेला. मी कढया घासत होते. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तो वास नाकातून थेट पोटात उतरत होता. बाई आत गेली. मी उठले. एक वडा उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला.

साहेब दारात उभे होते. सोवळं नेसलेले, उघडे, कपाळाला गंध. ओरडले, "विटाळलंस सगळं. ब्राह्मण जेवायचेत अजून."

कढईत झारा होता. उकळत्या तेलातला. तो त्यांनी उचलला. माझा हात धरला नाही त्यांनी. माझ्या अंगाला हात लावायचा नव्हता. दंडाच्या खालच्या बाजूला झारा टेकवला आणि मला भिंतीशी दाबून ठेवलं. वडा तोंडात होता म्हणून ओरडताही आलं नाही. मी तो गिळला. घसा जळाला, हात जळाला, तरी गिळला. थुंकला नाही.

माय धावत आली तोवर कातडी झाऱ्याला चिकटली होती. साहेबांनी झारा मोरीत फेकला आणि परातीतले सगळे वडे गाईला घालायला सांगितले. माय त्यांच्या पाया पडली. मला न्यायचं सोडून आधी पाया पडली.

जखम सुकली तशी तिच्यावर ठिपके उमटले. झाऱ्याच्या भोकांचे, ओळीनं.

आणि आठवड्यानं त्याच गल्लीतले प्राध्यापक मायला म्हणाले, पोरीला हॉलवर आण, तुमच्या भल्यासाठीच चाललंय, कार्यक्रम झाला की पुरीभाजीची पाकिटं वाटणार आहोत. माय हो म्हणाली. तिनं मला पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. मेच्या उन्हात. बाही मनगटापर्यंत ओढून बटण लावलं आणि म्हणाली, हे उघडायचं नाही.

तर मी स्टुलावर. प्राध्यापक बसले आणि बँकवाले साहेब उठले. पांढरा झब्बा, आवाज गोड. फुकट दिलं की सवय लागते, म्हणाले. आईबाप बेफिकीर होतात. आज सुट्टीत जेवण मागतील, उद्या रविवारी. ही अन्नपूर्णेची नगरी आहे, घाटोघाट अन्नछत्रं आहेत, इथं कोण उपाशी राहतं? लोक माना डोलवत होते. अन्नछत्राच्या दाराशी बसलेला माणूस आम्हाला आधी आडनाव विचारायचा, हे त्यांना माहीत नव्हतं. किंवा होतं.

मग ते माझ्याकडे वळले. हसले. "या मुलीला मी ओळखतो. हिची आई आमच्याकडेच आहे. आमच्या घरून ही कधी उपाशी गेलेली नाही."

त्या अख्ख्या संध्याकाळी मी काय खाते, किती खाते, खाते की नाही, हे मला एकानंही विचारलं नव्हतं. बाजूनं बोलणाऱ्यानं माझं हाड दाखवलं, विरोधात बोलणाऱ्यानं माझी सवय. मी दोघांच्या मधे होते आणि दोघांनाही नको होते.

प्राध्यापक पुन्हा माइककडे आले. हरायचं नव्हतं त्यांना. म्हणाले, मनगट पुरत नसेल तर दंड दाखवतो. आणि बटण काढून बाही वर ओढली.

कापड जखमेला चिकटलं होतं. ते निघताना सोबत खपली निघाली. रक्त आलं, पिवळं पाणी आलं. पहिल्या रांगेतली एक बाई, अगंबाई, म्हणाली.

प्राध्यापकांनी विचारलं, "हे काय आहे?"

माइक माझ्या तोंडाजवळच होता.

मी म्हणाले, "बँकवाल्या साहेबांनी झारा लावला. मी वडा खाल्ला म्हणून."

माझा आवाज हॉलच्या चारही भोंग्यांतून आला. इतका मोठा आवाज माझा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मागून, जिथं चपला काढल्या होत्या त्या दारातून, माय धावत आली. स्टेजवर चढली आणि माझ्या थोबाडीत मारली. स्टूल कलंडलं, मी खाली. माय हात जोडून म्हणत होती, "खोटं बोलते साहेब पोट्टी. चुलीवर भाजलं तिले."

जखमेवरचे ठिपके सगळ्यांना दिसत होते. चुलीला भोकं नसतात. तरी हॉलनं मोकळा श्वास घेतला. खोटं त्यांना हवंच होतं, ते मायनं आणून दिलं.

साहेबांनी मोठं मन दाखवलं. लेकरू आहे, म्हणाले, चालायचंच. पुरीभाजीचं पाकीट मागवलं. फोटोवाल्याला बोलावलं. मला उठवून बाही खाली केली कुणीतरी. साहेब पाकीट पुढं करून कॅमेऱ्याकडे बघत हसले.

पुरीचा वास येत होता. मला भूक होती. भयंकर भूक होती, हे मी लपवत नाही. मी पाकीट घेतलं, उघडलं आणि बटाट्याच्या भाजीसकट त्यांच्या तोंडावर मारलं.

त्यांनी मला मारलं ते मूठ वळून. डाव्या कानावर. आता अंगाला हात लागला त्यांचा. मी पडले, तेव्हा कमरेत लाथ बसली. कानात शिट्टी वाजायला लागली आणि त्या शिट्टीच्या आत सगळे आवाज बुडाले. त्या कानानं मला आजही नीट ऐकू येत नाही.

पण डोळे उघडे होते. मी मायला बघितलं. माझ्या कानातून आलेलं रक्त तिनं बघितलं आणि तिचे जोडलेले हात सुटले. अंगणाच्या पुढं कधी पाय न टाकलेली माझी माय त्या माणसावर धावून गेली. त्याचा गळा धरला. झब्बा फाटला, खाली जानवं दिसलं, तेही तुटलं. तिनं त्याच्या हाताला चावा घेतला आणि सोडेना. चार जणांनी तिला ओढली. केसांना धरून पायऱ्यांवरून खाली आणली. व्याख्यान ऐकायला आलेली माणसं ती. खुर्चीनं मारलं तिला. एक म्हातारा काठीनं मारत होता आणि दम लागला म्हणून थांबत होता, मग पुन्हा मारत होता.

प्राध्यापक माइकवर होते. ते म्हणाले, "कृपया शांत राहा. आपण विषय सोडून चाललो आहोत."

हे वाक्य मी उजव्या कानानं ऐकलं.

पोलीस चौकीत आम्हाला जमिनीवर बसवलं. मायचं एक बोट मोडलं होतं, ओठ फाटला होता. तिच्यावर मारहाणीची तक्रार. मी माझा दंड दाखवला. हवालदार म्हणाला, "चोरी करते वक्त जली होगी." पुढं त्यानं काही विचारलं नाही. नंतर कळलं, हॉलवर उरलेला कार्यक्रम झाला. चहा झाला. सरकारनं या प्रश्नाचा सहानुभूतीनं विचार करावा, असा ठरावही झाला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला सोडलं. गल्लीतून येताना माय लंगडत होती. एवढंच म्हणाली, "आता त्याच्या दारात पाय नाही ठेवत मी. मेले तरी." कामं सगळीच गेली. उरलेला उन्हाळा तिनं मोडल्या बोटानं वाळू उपसली, मी सोबत टोपल्या वाहिल्या.

त्या थपडेबद्दल ती कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. त्या दिवशी मला दोघांनी मारलं. मायनं भीतीनं मारलं, त्यानं मस्तीनं. हे वेगळं करता आलं तेव्हा मी शहाणी झाले. भीतीला माफी आहे माझ्याकडे. मस्तीला नाही.

माय आता नाही. मी एका सरकारी शाळेत स्वयंपाकीण आहे. लागले त्या वर्षी काही आईबापांनी माझ्या हातचं नको म्हणून डाळीचं पातेलं लाथेनं उलटवलं. गरम डाळ माझ्या पायावर आली. मी दुसरी डाळ शिजवली आणि दारात बसून राहिले. भूक लागलेली पोरं आत आली. पोरं आली की आईबाप गप्प होतात.

गेल्या आठवड्यात शाळेत बैठक झाली. अधिकारी, एक संस्थावाली बाई, दोन वकील. विषय तोच. इतकी वर्षं झाली तरी तोच, सुट्टीत जेवण द्यावं की नाही. सवय लागेल, पैसा कुठून येईल, पालकांची जबाबदारी. बाई मला म्हणाली की दोन-तीन फारच अशक्त मुलं आणा, साहेबांना दिसू देत.

मी म्हणाले, "एकही पोरगं उभं करणार नाही. भूक तपासायची असेल तर चार दिवस स्वतः जेवू नका."

हेडमास्तर मला बाहेर जायला म्हणाले. मी गेले नाही. मी तिथंच खुर्ची ओढून बसले आणि बैठक संपेपर्यंत बसून राहिले. शेवटी ठरलं काय? वरून आदेश आला तर बघू.

सोमवारपासून सुट्टी आहे. कोठीत तांदूळ आहे, डाळ आहे, कुलूप हेडमास्तरांचं आहे. मंगळवारी मी ते कुलूप तोडणार आहे. दिवसाढवळ्या, वस्तीतल्या बायकांना सोबत घेऊन. तांदूळ सरकारचा आहे आणि पोरंही याच देशाची आहेत. चूल पेटेल, आणि सुट्टी संपेपर्यंत रोज पेटेल. केस करायची असेल तर करा, मी पळणार नाही. तुरुंगात टाका. तिथं बारमाही जेवण देतात, त्यावर कुणी परिसंवाद घेत नाही.

पण पोलीस येवोत नाहीतर अधिकारी, त्यांनी दाराबाहेर थांबायचं. शेवटचं पोरगं हात धुऊन बाहेर पडल्याशिवाय मी चुलीपासून उठणार नाही. आणि जो पातेल्याला हात लावेल, त्याचा हात मी मोडेन.