एका नळाचे दोन पंप

आत्माराम भित्रा आहे हे मांडवीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तोही ते नाकारत नसे. आगबोटीवर खलाशी असताना त्याच्या डोळ्यांदेखत वाफेचा नळ फुटला होता. तेव्हापासून नळात कोंडलेल्या जोराचं नाव काढलं तरी तो चार पावलं मागे सरके. आणि नशीब असं, की नोकरी मिळाली ती मैलापाण्याच्या पंपावर!

मांडवीच्या वरच्या अंगाला एका शेटजींनी आरोग्यधाम बांधलं होतं. त्याचे मैल्याचे दोन हौद आणि दोन पंप. वरचा रावजीचा, दांडगा. खालचा आत्मारामचा, किरकोळ. समुद्राकडे जाणारा नळ मात्र दोघांत एकच. दोन्ही पंप एकदम लावले तर दांडग्याच्या जोरापुढे किरकोळाचं पाणी जागचं हलत नसे. म्हणून ते पाळीपाळीने चालत. वरचं पाणी खालच्या हौदात उलटू नये म्हणून नळात एक झडप होती, पण आत्मारामचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. पंप थांबवला की तो चाक फिरवून आपल्या हौदाकडचा नळ बंद करी. पुरे बावीस फेरे. त्याचा जोडीदार केरू त्यावरून त्याची रोज टर उडवी.

एकोणीसशे चौतीसची नारळी पौर्णिमा. दर्याला नारळ वाहीपर्यंत त्यात घाण सोडायची नाही, हा कोळ्यांना दिलेला शब्द आरोग्यधाम दरसाल पाळी. नारळ पडला तोवर दोन्ही हौद तुडुंब. आधी खालचा उपसायचा, मग निरोप गेल्यावर रावजीने वरचा लावायचा, असं ठरलं.

हौद कमरेइतका उरला आणि पाणी उतरायचं थांबलं. केरू म्हणाला, हौदाच्या तळाशी नळाच्या तोंडावरच्या जाळीत नारळाची शेंडी अडकली असणार. आत्मारामने पंप बंद केला, तसा केरू जाळी साफ करायला शिडीने हौदात उतरू लागला. आत्मारामचा हात चाकाकडे गेला. केरू शिडीवरूनच हसला. घरी नारळीभात वाट बघतोय, दोन मिनिटांच्या कामाला बावीस फेरे कशाला? आत्माराम ओशाळला आणि त्याने हात मागे घेतला.

आपलं इंजिन निमाल्यावर त्याला वरचं इंजिन ऐकू आलं. आरोग्यधामाच्या मॅनेजरने निरोपाची वाट न बघता रावजीला पंप सुरू करायला लावलं होतं. जाळी तुंबलीच नव्हती, वरच्या पंपाच्या जोरानेच पाणी अडलं होतं. तेवढ्यात झडप दगा देऊन गेली आणि वरचा सगळा मैला जाळीतून उलटा हौदात घुसला. केरूचा पाय शिडीवरून सुटला.

दोर टाकावा तर पाणी थांबत नाही, चाक फिरवावं तर केरूला धरायला कोणी नाही. आत्मारामने चाक धरलं. तो एकेक फेरा मोजत होता. खालून केरूच्या हाका येत होत्या, आणि सोळाव्या फेऱ्याला त्या थांबल्या. त्याने बावीस पुरे केले, मगच दोर घेऊन वाकला. केरू गळ्याइतक्या घाणीत, तोंड घट्ट मिटून, शिडीचा दांडा कवटाळून उभा होता.

पुढे केरू ज्याला त्याला आत्मारामच्या धीराची गोष्ट सांगे. एकदा आत्मारामला ते ऐकवेना.

"धीर कसला रे? तू हाका मारायचा थांबलास. वाकून बगितलं नि तू दिसलाच नायस तर, ह्या भीतीनं मी चाकाला चिकटून ऱ्हायलो."