उष्टी ताटं

काल नातीने लिंबाच्या वासाच्या ओल्या टिश्यूने टेबल पुसलं आणि मला अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या हॉटेलातली ती मुलगी आठवली. लेक-जावयाने मला तिथे जेवायला नेलं होतं. आमचं बोलणं ऐकून वाढणारी मुलगी हसली, "मावशी, मी नागपूरची!" तिला आठवा महिना होता. सुजलेले पाय बुटात मावत नव्हते. "घरी बस की गं आता," मी म्हटलं. "बसते की. बाळंतपणाचा खर्च तुम्ही करणार का?" असं म्हणून ती हसत नान आणायला गेली. तिचे हाल बघवेनात, म्हणून जेवण झाल्यावर मीच सगळ्यांची ताटं एकावर एक रचली आणि तसल्याच टिश्यूने टेबल पुसून घेतलं. मालकाने ते पाहिलं. गिऱ्हाइकाला ताटं उचलावी लागतात म्हणून त्याने तिला सगळ्यांसमोर झापलं, तिची टेबलं दुसऱ्याला दिली आणि तिला आत चमचे पुसायला बसवलं. मला वाटलं, बरं झालं, बसायला तरी मिळालं. लेक हळूच म्हणाली, "आई, यांना पगार नावालाच असतो गं. सगळी कमाई टिपची. टेबलं गेली म्हणजे आजचा दिवस गेला." लेकीने मालकाला समजावूनही पाहिलं, पण तो नुसता हसला. आम्ही निघालो तेव्हा ती आतून म्हणाली, "मावशी, मी येतच होते ना." आता हॉटेलात जेवण झालं, की उष्टा हात वाळला तरी मी ताट हलवत नाही.