आत्याबाईंची दही-साखर

आत्याबाईंना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लोणी काळभोरहून आमच्या कोथरूडच्या घरी आल्या की चपला काढायच्या आधीच त्या दारातलं पायपुसणं झटकायच्या. खुर्ची दिली तर खुर्ची पुसायच्या. "बसून काय मिळतंय?" हे त्यांचं कायमचं वाक्य. त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. मूलबाळ नव्हतं. कुणी त्यावरून हळहळलं, की "माझं काय अडलंय?" म्हणत दुसऱ्या कामाला लागायच्या.

मुलासाठी आमचे उपचार सुरू झाले, तेव्हा सोबतीला त्या आपणहून आल्या. इंजेक्शनांनी माझं पोट टम्म फुगलेलं आणि जिवाची नुसती घालमेल. डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं. शेवटच्या इंजेक्शननंतर ठरल्या वेळीच स्त्रीबीजं काढायची, उशीर झाला तर ती निसटतात. थोडा वेळ भूल देणार, सोनोग्राफीत बघत योनिमार्गातून सुईनं बीजं ओढून घेणार. टाके वगैरे नाहीत. मात्र रात्रीपासून पोट रिकामं हवं. आत्याबाईंनी माझ्यादेखत पाण्याचा तांब्यासुद्धा उचलून नेला.

आणि सकाळी निघताना दारात माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली! चांगल्या कामाला निघालेलं माणूस त्याशिवाय त्यांनी कधी उंबऱ्याबाहेर जाऊच दिलं नव्हतं. मीही परीक्षेला निघाल्यासारखी ती चाटून मोकळी झाले. दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "काही खाल्लं नाहीत ना?" मी "नाही" म्हणणार, तोच आत्याबाई जागच्या जागी थबकल्या. त्यांना थांबलेलं पाहून मलाच धडकी भरली.

"बाई, म्या दही दिलंय तिला. तिला नका बोलू."

भूलतज्ज्ञांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, औक्षण राहिलं का?" झोपवावं तर उलटी छातीत जायची भीती, थांबावं तर बीजं जाणार. शेवटी तेवढाच भाग बधिर करून, मला जागी ठेवूनच ती काढायचं ठरलं.

दुखलं. खोटं कशाला सांगू? पाळीतली सगळ्यात वाईट कळ थांबतच नाही, तसं. दाराबाहेर चपलांची फटफट चालू होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणीतरी म्हणालं, "आजी, बसा जरा." उत्तर आलं, "बसून काय मिळतंय?" मला हसू फुटलं, आणि डॉक्टर ओरडल्या, "हलू नका!"

बीजं मिळाली. दिवसभर ओटीपोट दुखत राहिलं, थोडे रक्ताचे डाग पडले. फोनवर जो तो विचारत होता, "किती मिळाली?" आत्याबाईंनी ते एकदाही विचारलं नाही. फेऱ्या मारता मारता एवढंच म्हणायच्या, "दुखतंय का गं?"

त्या खेपेला गर्भ राहिला नाही. दह्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे डॉक्टरांनी आत्याबाईंना पुन्हा पुन्हा समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नाही.

पुढच्या खेपेला आम्हाला मुलगी झाली. ती जन्मायच्या आधीच आत्याबाई गेल्या. त्याची हळहळ अजून जात नाही. पण त्या खेपेला बीजं काढायच्या सकाळी त्या होत्या. लोणीहून आल्या, पण वर घरात येईनात. "माझ्या हाताचा भरवसा न्हाय," म्हणत सोसायटीच्या फाटकाशीच उभ्या राहिल्या आणि तिथूनच आमच्याबरोबर निघाल्या. दवाखान्यात मी भुलेतून जागी झाले, चहा-बिस्किट पोटात ठरलं, तेव्हा नर्सनं त्यांना आत सोडलं. पिशवीतून स्टीलचा डबा निघाला. माझ्या तळहातावर दही-साखर ठेवत त्या म्हणाल्या, "आता खा."

मग खुर्ची न पुसताच ओढून घेतली आणि माझ्याशेजारी बसल्या. मला घरी सोडेपर्यंत बसूनच राहिल्या.