धुक्यातलं तिसरं खळं

१३ जानेवारी २०२१, बुधवार. सकाळचे आठ वाजले होते आणि मी कढईत तीळ भाजत होते. दुसऱ्या दिवशी संक्रांत.

खरं तर त्या वर्षी तीळ भाजायचेच नव्हते. माझा मोठा भाऊ वसंत - दादा - चार तारखेला कोल्हापूरला कोविडने गेला. त्या बुधवारी त्याचा दहावा होता. आमच्याकडे घरचं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. पण आईला हे माहीत नव्हतं, आणि आई माझ्याच डायनिंग टेबलावर बसून गूळ चिरत होती. तीळ भाजले नसते तर तिने विचारलं असतं - का नाही?

आई २०२० च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे आयर्लंडला आली आणि अडकली. वय शहात्तर, हृदयाला पेसमेकर. दादाच्या मुलाचा, अभीचा, फोन आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य "बाबा गेले" आणि दुसरं "आज्जीला सांगू नकोस आत्या, परक्या देशात तिला काही झालं तर?" मी हो म्हटलं. अंत्यसंस्कार मी मोबाइलवर पाहिले, आवाज बंद करून, समोर ऑफिसची मीटिंग चालू ठेवून. रडू आलं नाही. मीटिंगमध्ये मला एक प्रश्न विचारला, त्याचं मी उत्तरही दिलं.

हे सगळं सांगते, कारण पुढचं वाचून कोणी मला भाबडी समजू नये. नवस, अंगारा, पत्रिका - मी यातलं काही करत नाही. कॉर्कजवळ एका औषध कंपनीत क्वालिटीत आहे. बॅचमध्ये काही विचित्र घडलं की ते का घडलं हे शोधून रिपोर्ट लिहायचा, हे बावीस वर्षं माझं काम आहे. "कारण सापडलं नाही" असं मी फार क्वचित लिहिलंय.

तर तीळ गार करत ठेवले आणि आईला फिरायला घेऊन निघाले. आम्ही कॅरिगलाइनला राहतो. खाडीच्या काठाने जुन्या रेल्वेलाइनच्या जागी पायवाट केली आहे. लॉकडाउनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या आत तेवढीच करमणूक. रात्री पारा शून्याखाली गेलेला, वाटेवर पांढरं दव गोठलेलं. आईच्या अंगात पातळावर माझ्या मुलीचं जुनं जॅकेट, डोक्याला माकडटोपी.

"माझा हात धर. घसरशील," मी म्हटलं.

"तूच धर माझा. शेताच्या बांधावरनं चालायची सवय मला हाय, तुला न्हाई."

साडेनऊच्या सुमारास आम्ही एका मोकळ्या जागी आलो. डाव्या हाताला पाणी होतं, पण दिसत नव्हतं, त्यावर कापसासारखं धुकं बसलेलं. आणि उजवीकडून, टेकडीच्या खाचेतून, सूर्य वर आला. आम्ही पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिलो. ऊन पाठीवर. समोर धुक्यात एक कमान उभी होती. इंद्रधनुष्यच, पण पांढरंफेक.

"रंग भरायचा राहिला जणू," आई म्हणाली.

कमानीच्या आत, खाली, आमच्या सावल्या धुक्यावर पडल्या होत्या. लांबलचक. आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत खळं - चंद्राला पडतं तसं, फक्त लहान आणि लाल-निळं.

"आई, माझ्या डोक्याभोवती बघ!"

"तुझ्या कुठं? माझ्या डोक्याभोवती हाय की. देवाच्या फोटोत असतं तसं."

"तुझ्याभोवती काही नाहीये."

"डोळं तपासून घे, शुभे. चष्मा लावून काय उपेग?"

आम्ही अशा भांडत होतो. मी चक्क हसले, नऊ दिवसांत पहिल्यांदा. मग आई बोट दाखवून म्हणाली, "बरं, त्ये राहू दे. ह्यो तिसरा कोन?"

आईच्या सावलीच्या पलीकडे तिसरी सावली होती. पुरुषाची, आईपेक्षा हातभर उंच. तिच्याही डोक्याभोवती खळं. मी मागे वळून पाहिलं. वाट दोन्ही बाजूंनी रिकामी. खांब नाही, पाटी नाही, झाड नाही. पुन्हा समोर पाहिलं, सावली होतीच.

"तिसऱ्याच्या डोक्याला आहे का गं खळं?" मी विचारलं. आवाज माझा नेहमीसारखाच निघाला, हे मला आठवतंय.

"हाय. तुला पन दिसतंय न्हवं?"

"दिसतंय."

सावलीचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. दादा पंधरा वर्षांचा असताना तालमीत त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. तेव्हापासून तो खांदा कायम पडलेला. लग्नाच्या फोटोतसुद्धा. आणि तेव्हापासून आई त्याला एकच वाक्य म्हणत आली होती. जेवताना, गाडीवर बसताना, व्हिडिओ कॉलवर.

तेच ती आता म्हणाली. हळू, सवयीने. "वश्या, खांदा सरळ धर."

खांदा वर गेला. दादा जसा करायचा तसा, आईपुरता, क्षणभर. आणि पुन्हा खाली पडला.

मग धुकं हललं. कमान गेली, सावल्या गेल्या, पाण्यावर दोन बगळे दिसायला लागले. समोरून कुत्रा घेऊन एक म्हातारबाबा आले, "ग्रँड मॉर्निंग, लेडीज," म्हणून पुढे गेले. आई म्हणाली, "चल. पाय गार पडल्यात."

घरी पोचल्यावर तिने जॅकेट काढता काढता विचारलं, "वश्याचा फोन लागत न्हाई व्हय अजून?"

"नाही. दुरुस्तीला टाकलाय म्हणे." हे मी दहा दिवसांत चौथ्यांदा सांगत होते. आईने मान हलवली आणि चिरलेल्या गुळावर ताट झाकलं.

दुपारी मुलीला, रेवाला, खळ्याबद्दल विचारलं. ऑनलाइन शाळेतून डोकं वर न काढता ती म्हणाली, "दॅट्स अ ग्लोरी, मम्मी. यू कॅन ओन्ली सी युअर ओन." म्हणजे ते खळं प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं, शेजारच्याच्या नाही. मी नंतर वाचून खात्री केली. अगदी बरोबर आहे. माझं आणि आईचं भांडण त्याने पूर्ण सुटतं.

तिसऱ्याचं सुटत नाही. ते खळं आम्हा दोघींनाही दिसायलाच नको होतं, आणि दोघींना दिसलं. पुढच्या दोन महिन्यांत मी त्या जागी सात वेळा गेले, तशाच थंडीत, त्याच वेळेला. पांढरी कमान दोनदा दिसली, माझं खळं एकदा. बाकी काही नाही. धुकं हलताना सावली हलल्यासारखी वाटते, हे मला मान्य आहे. पण मग सगळ्यांचे खांदे हलायला हवे होते. रिपोर्ट असता तर मी लिहिलं असतं - कारण सापडलं नाही. तेच इथे लिहिते.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, मी साडेसहाला उठले. चहा केला, आईच्या समोर बसले आणि सांगितलं, "आई, दादा चार तारखेला गेला. कोविडने. मी तुला सांगितलं नाही."

आईने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मग तीळ कशाला भाजलेस?"

मी तिळाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवून दिला, आणि पाणी तापवायचं इमर्शन चालू केलं. बातमी कळली की डोक्यावरून अंघोळ करतात, तेवढं मला माहीत होतं.

"तू घेतलंस का पानी डोक्यावरनं, त्या दिवशी?" आईने विचारलं.

"नाही. मीटिंग होती. आणि तुला कळलं असतं."

"मग आधी तू जा," आई म्हणाली.

मी टॉवेल घेतला.